खामपलीकडची छावणी



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग आहे. बोलण्याची सवय मला पुष्कळ आहे. परंतु ती कारखान्याच्या फाटकासमोरची. तेथे वक्ता स्टुलावर उभा असतो, श्रोतेही उभेच असतात, आणि पाळीचा भोंगा झाला की वाक्य अर्धे असले तरी सभा मोडते. आपण मंडळी भोंग्याचे भय न बाळगता तासभर ऐकणार आहात, त्यामुळे आज मीच थोडा घाबरलो आहे. माझे शाळेतील शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. जे पाहिले, वाचले आणि ताडून घेतले तेवढेच सांगणार आहे.

चालकांनी मला विचारले, कामगार कायद्यावर बोलाल काय? मी म्हटले, त्यावर मी वर्षभर बोलतच असतो. वसंतातल्या एका संध्याकाळी मला आपल्या गावावर बोलू द्या. गावावर म्हणजे गावाच्या त्या भागावर, ज्याच्यामधून माझे हजारो सोबती रोज सकाळी बसमध्ये झोपलेले आणि संध्याकाळी बसमध्ये दमलेले असे जातात. वाळूजची वाट छावणीवरून, नगर नाक्यावरून जाते. खिडकीबाहेर जुने वृक्ष, मोकळी मैदाने, कौलारू बंगले आणि लष्कराच्या पाट्या सरकत असतात. मीही वर्षानुवर्षे असाच गेलो, आणि काही पाहिले नाही.

ह्याहून मोठी कबुली द्यावयाची आहे. क्रांती चौकात मी कितीतरी मोर्चे नेले, धरणी धरली, तास तास घोषणा दिल्या. एके दिवशी मंडपात एक म्हातारे गिरणी कामगार शेजारी येऊन बसले. घोषणा थांबल्यावर त्यांनी विचारले, "नाना, आपण बसलो आहोत ती जागा कसली, ठाऊक आहे का?" मी म्हटले, क्रांती चौक. ते म्हणाले, "ते नाव नंतरचे. हा काळा चबुतरा. येथे आपल्यासारख्यांनाच तोफेच्या तोंडी दिले, असे आमचे वडील सांगत." मी गप्प झालो. त्या सुमारास एका कारखान्याने मला कामावरून कमी केलेले होते, त्यामुळे दिवसा वेळच वेळ होता. दुसऱ्या दिवसापासून मी वाचनालयात जाऊन गॅझेटिअर चाळू लागलो. आजचे व्याख्यान हे त्या म्हाताऱ्या माणसाच्या प्रश्नाला दिलेले, बरेच उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. छावणी हा शब्द इंग्रजांनी आणला नाही. छावणे म्हणजे छप्पर घालणे. पावसाळा आला, नद्या भरल्या, की मराठ्यांच्या फौजा एके ठिकाणी छप्परे घालून राहत. त्यास छावणी करणे म्हणत. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की छावणी उठे. आमच्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला छावणी म्हटले की दुष्काळातील गुरांची छावणी आठवते. तीही पाऊस पडेपर्यंतची. म्हणजे छावणी ही मुळात चार महिन्यांची गोष्ट. आपल्या गावची छावणी मात्र १८१९ च्या सुमारास बसली ती उठलीच नाही. तिला दोनशे वर्षे होऊन गेली.

परंतु छावणीत शिरण्यापूर्वी खाम नदी ओलांडावी लागते, आणि नदीच्या काठावर थोडे थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गाव नदीच्या एका अंगाला आणि छावणी दुसऱ्या अंगाला. ह्या गावाला पाणी कोणी दिले? मलिक अंबर ह्या हबशी पुरुषाने. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला होता. पुढे निजामशाहीचा मुख्य कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी ह्या खेड्याच्या जागी शहर वसविले. त्याच्या मुलाच्या नावावरून ते १६२६ मध्ये फत्तेनगर झाले, पुढे १६५३ मध्ये औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून सरकारदरबारी छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत गेली. पण प्रत्येक नावाखालच्या माणसांना तहान तीच होती. अंबराने उत्तरेच्या डोंगराकडील जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गाने शहरात आणले. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. जमिनीचा उतार ओळखून नळ घातले, जागोजाग हवेसाठी उभी विवरे ठेवली, की पाणी आपल्या पायांनी चालत येते. ह्याच विद्येतून पुढे आणखी नहरी झाल्या. थत्ते नहरीचे नाव जुन्या मंडळींच्या तोंडी अजून आहे.

पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. शाळेची सहल तेथेच जाते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून असलेली ही चक्की अठराव्या शतकात पुरी झाली. डोंगराकडून मातीच्या नळांनी आलेले पाणी उंच भिंतीवर चढते, तेथून धबधब्यासारखे हौदात पडते, आणि त्याच पाण्याच्या जोराने खालचे चाक फिरून वरचे जाते फिरते. फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ येथे दळले जाई. आपण तेथे जाऊन वडाखाली फोटो काढतो. मी मात्र तेथे गेलो की माझ्या आईचे हात आठवतात. पहाटे उठून जात्याचा खुंटा धरणाऱ्या बायकांचे श्रम कोणा कारागिराने पाण्यावर सोपविले, ही केवढी गोष्ट! यंत्र हे माणसाचे ओझे उतरविण्यासाठी असते, हे मला कोणत्या पुस्तकाआधी पाणचक्कीने शिकविले.

आणि आज? आपल्या नळाचे पाणी जायकवाडीहून पंपांनी चढवून आणावे लागते, आणि त्या नळाला रोज पाणी नाही अशी कितीतरी वर्षे आपण काढली. जे पाणी पायांनी चालत येत होते त्याच्या वाटेवर आपण घरे बांधली, पाये खणताना नळ फोडले, विवरांत केर टाकला. नहर शत्रूने फोडली नाही, बंधूंनो. ती आपण फोडली.

नदीच्याच अंगाने वर गेले की बेगमपुरा आणि बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ मध्ये वारली. तिची ही कबर. ताजमहालाशी तुलना करून तिला नावे ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. पैसा कमी दिला गेला म्हणून संगमरवर कमरेइतक्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला, मधले सारे काम काळ्या दगडाचे आणि वरून चुन्याचे. जुन्या लेखात खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. मला त्या सात आण्यांचे फार कौतुक वाटते! बादशहाच्या घरचा हिशेब, पण आणे सुटले नाहीत. दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय ह्या दोघांची नावे आहेत. एक मुसलमान, एक हिंदू. पण ज्या गवंड्यांनी दगडावर चुना घोटून घोटून संगमरवराची बरोबरी साधली, त्यांचे नाव कोठे नाही. माल कमी मिळाला तेव्हा कारागिराने आपले कसब वाढविले. ताजमहालात दगड महाग आहे. येथे हात महाग आहे. ज्याला मजुरी कमी मिळूनही काम चोख करावे लागले आहे, त्याला हा मकबरा ताजापेक्षा कमी वाटणार नाही.

मकबऱ्यामागच्या डोंगरात आपल्या गावची स्वतःची लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याला जगभरचे लोक येतात, १९८३ मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आणि घरच्या ह्या बारा लेण्यांना मात्र गावातलाच माणूस वर्षानुवर्षे जात नाही. बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातील ही बौद्ध लेणी. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीपुढे गुडघे टेकून बसलेली स्त्रीपुरुषांची माणसाएवढी शिल्पे आहेत. कोणी हात जोडले आहेत, कोणी हातात हार घेतला आहे. राजे-देव पुष्कळ ठिकाणी दिसतात. साधी भक्त माणसे अशी रांगेने बसलेली फार थोड्या ठिकाणी दिसतील. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती माणसाची आठ भये कोरली आहेत: आग, चोराची तलवार, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. मी एकदा आमच्या तरुण कामगारांना तेथे नेले होते. एकाने विचारले, "ह्यात नोकरी जाण्याचे भय का नाही?" मी म्हटले, "जहाज बुडते आहे ना, तेच ते."

आता नदी ओलांडू या.

पेशवाई बुडाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, ही छावणी बसली. येथे राहणारी फौज नावाला निजामाची, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. हिला पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. छावणी पाहताना प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा: पगार कोण देत होता? पगार निजामाच्या खजिन्यातून, म्हणजे आपल्या कुणब्याच्या शेतसाऱ्यातून. खजिन्यात पैसा नसला की पामर कंपनी नावाची हैदराबादची पेढी जबर व्याजाने कर्ज देई आणि फौजेचे पगार भागवी. कर्ज वाढत वाढत १८५३ मध्ये तह झाला, आणि त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. एखाद्या फौजेच्या पगारापोटी सबंध वऱ्हाड गहाण पडावा, ही सावकारी आपल्या खेड्यातल्या सावकारालाही सुचली नसती!

१८५७ च्या जूनमध्ये ह्या छावणीत कंटिंजंटचे पहिले घोडदळ होते. ते नुकतेच मोमिनाबादहून, म्हणजे आपल्या अंबाजोगाईहून, येथे आले होते. हे स्वार शिलेदार होते. घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे, आणि त्यावर चाकरी. आपल्याला दिल्लीकडे कूच करावयास लावणार, अशी बातमी पसरली. स्वारांचे म्हणणे दोन कलमी होते. आमची चाकरी दख्खनची आहे, मुलुखाबाहेर जाण्याचा करार नाही. आणि दिल्लीच्या बादशहावर आम्ही हत्यार उचलणार नाही. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. दुसरे कलम देशाभिमानाचे आहे, धर्माचे आहे, इतिहासकार त्यावर बोलतील. पण पहिले कलम माझ्या ओळखीचे होते. ज्या अटींवर नोकरी धरली त्या अटी मालकाने एकतर्फी बदलू नयेत! ह्याच कलमासाठी आम्ही फाटकासमोर उभे राहतो.

जूनच्या अखेरीस जनरल वुडबर्न पुण्याकडून तोफा घेऊन आला. स्वारांना उभे करून हत्यारे खाली ठेवावयास सांगितले. गोंधळ झाला, पुष्कळ जण घोड्यांवर बसून निसटले, बाकीचे पकडले गेले. मीर फिदाअली नावाच्या दफेदाराने आपल्या अधिकाऱ्यावर, कॅप्टन ॲबटवर, गोळी झाडली होती. त्याला फाशी दिले. कित्येकांना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. वुडबर्नला पुढे महूकडे जावयाचे होते, पण तो येथेच कोर्टमार्शले चालवीत राहिला. इतका, की उशीर केल्याबद्दल मुंबईच्या गव्हर्नरने त्याला दोष दिला. काळा चबुतरा ही त्या शिक्षांची जागा, असे गाव पिढ्यानपिढ्या सांगत आले आहे.

ह्या गोष्टीला एक पुढचा भाग आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ते पहिले घोडदळ नाहीसे झाले नाही. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली तेव्हा त्याला विसावे डेक्कन हॉर्स असे नाव पडले. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, ह्या पथकाच्या स्वारांनी भाले घेऊन हाय वुडच्या रानाकडे घोडे घातले. १८५७ मध्ये आजोबा दख्खनबाहेर जाणार नाही म्हणाले, आणि नातवांना समुद्रापलीकडे कोणाच्या तरी लढाईत जावे लागले. पुढे स्वातंत्र्य आले. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातील असल उत्ताडच्या लढाईत हेच डेक्कन हॉर्स रणगाड्यांवर बसून लढले; ह्या वेळी स्वतःच्या देशासाठी, स्वतःच्या सरकारच्या हुकमाने. फरक घोड्याचा आणि रणगाड्याचा नाही. फरक हुकूम कोणाचा, हा आहे.

छावणी म्हणजे नुसते शिपाई नव्हेत. घोडा आला की नालबंद आला, मोची आला, गवत कापणारा आला, भिस्ती आला, शिंपी, धोबी, खाटीक, वाणी आले. त्यांचा सदर बाजार बसला, मशिदी, देवळे, ख्रिस्ती मंदिरे, कब्रस्ताने झाली. गुरुवारचा बाजार आजही गाव ओळखते. बैल, म्हैस, शेळी घ्यावयाची तर आसपासच्या खेड्यांतला माणूस गुरुवारी छावणीत येतो. माझे वडील मला एकदा ह्या बाजारात घेऊन आले होते. बैल विकावयाचा होता. रुमालाखाली बोटे धरून सौदा झाला. परत जाताना दावे तेवढे वडिलांच्या हातात होते. सबंध वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. पुष्कळ कुटुंबांचा शेतीकडून कारखान्याकडे जाणारा रस्ता त्याच बाजारातून गेला आहे, आणि म्हणून त्या मैदानाला मी स्मारक मानतो.

कर्णपुरा तसाच. बिकानेरचा राजा करणसिंह मोगलांच्या चाकरीत येथे राहिला आणि १६६९ मध्ये येथेच वारला. पुरा त्याच्या नावाचा. शेजारचा पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंह याच्या नावाचा. कर्णपुऱ्याच्या देवीला नवरात्रात सारे गाव लोटते. राजपुतान्यातून आलेल्या राजाच्या पुऱ्यात मराठी माणसांची तुळजाभवानी, भोवती लष्कराची जमीन, आणि यात्रेत पाळणे लावणारा, बांगड्या विकणारा कोण्या जातीधर्माचा हे कोणी विचारीत नाही! छावणीला लागूनच नागसेनवन आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महाविद्यालय काढले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविली. एका मैलाच्या आत तोफ आणि पुस्तक. कोण जिंकले हे मी सांगावयास नको.

आता झाडांविषयी. चैत्र-वैशाखात जालना रस्त्यावरून छावणीत शिरा. डोक्यावरचे ऊन एकदम हलके होते. कडुनिंबाचा मोहर, वड, चिंचा, पिंपळ, त्यांवर पक्ष्यांचा गलबला. गावात हिमायत बाग आणि सलीम अली सरोवर सोडले तर अशी सावली फारशी उरली नाही. छावणीचा पसारा सुमारे अडीच हजार एकरांचा. ही सावली का उरली? आपण निसर्गप्रेमी म्हणून नव्हे. तेथे परवानगीशिवाय वीट रचता येत नाही, मजला चढविता येत नाही, म्हणून ती उरली. पुष्कळ जुन्या बंगल्यांची जमीन सरकारची आणि छप्पर तेवढे राहणाराचे, असा करार आहे. हे नियम राहणाऱ्याला जाचतात. कुटुंब वाढते, घर वाढत नाही.

आणि येथे आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न येतो. छावण्यांतील नागरी वस्त्या लगतच्या नगरपालिका-महापालिकांत मिसळाव्यात, असे धोरण केंद्र सरकारने घेतले आहे. हिमाचलातील योल येथे एप्रिल २०२३ मध्ये त्याचा आरंभ झाला. महाराष्ट्रात अशा छावण्या सात. त्यांत आपली एक. त्याच वर्षी देशातील ५७ छावणी बोर्डांच्या निवडणुका ३० एप्रिलला ठरल्या होत्या, त्या मार्चमध्ये रद्द झाल्या. ज्या माणसाला घराचे छप्पर बदलण्यास परवानगी लागते, त्याला ती परवानगी देणारा निवडण्याचाही हक्क नसावा, हे मला कधीच पटणारे नाही. छावणीतील रहिवाशाला गावातल्या माणसाचे सगळे हक्क मिळालेच पाहिजेत. ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती आपल्याविषयी. आजवर ती झाडे साहेबाच्या हुकमाने वाचली. उद्या ती आपल्या मतांवर वाचली पाहिजेत. वाचतील काय? नहरीचा इतिहास मी आरंभी उगाच सांगितला नाही. नहर जेव्हा आपल्या हाती आली तेव्हा आपण तिचे काय केले? ५२ दरवाजांचे शहर म्हणवून घेतो, त्यांतले किती उभे आहेत? मोकळे मैदान दिसले की ज्यांच्या डोळ्यांत भूखंडाचे आकडे उमटतात, अशी माणसे ह्या गावात कमी नाहीत. आणि त्यांच्या इमारतीवर विटा वाहणारे माझेच लोक असतात, हेही मी जाणतो. त्या मजुराला मी 'झाडासाठी काम सोड' असे सांगू शकत नाही. म्हणूनच ही गोष्ट इमारत उभी राहण्याआधी ठरली पाहिजे.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, हस्तांतराचा दिवस येण्यापूर्वी छावणीतील प्रत्येक जुने झाड, मैदान, जुनी इमारत, विहीर आणि कबर ह्यांची यादी व्हावी, आणि ती यादी रहिवाशांसमोर वाचून दाखवावी. आमच्याकडे कारखान्याचा मालक बदलला तर आम्ही आधी यादी मागतो: किती यंत्रे, किती माणसे, किती देणी. येथेही तेच करावे. दुसरी, गुरुवारच्या बाजाराचे आणि कर्णपुऱ्याच्या यात्रेचे मैदान कोणत्याही नकाशात मोकळेच राहावे. तिसरी, खाम नदी. अलीकडच्या वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि नागरिक ह्यांनी मिळून ह्या नदीचा काठ स्वच्छ करण्यास हात घातला. जी नदी दोन कारभारांची सीमा होती तिच्यासाठी दोघे एकत्र आले, हे शुभचिन्ह आहे. नदी जोडते, हे तिनेच दाखविले. आता आपण मागे फिरू नये.

वारसा म्हणजे वाडवडिलांनी ठेवलेले धन, असे आपण म्हणतो. धन वाटून घेता येते, विकता येते, उडविताही येते. मी वारशाला उचल म्हणतो. आगाऊ उचल घेतलेल्या मजुराला ती फेडावी लागते. मलिक अंबराकडून, त्या बिननावाच्या गवंड्यांकडून, त्या शिलेदार स्वारांकडून आपण मोठी उचल घेऊन बसलो आहोत. आणि फेड घेणारे अजून शाळेत जात आहेत.

ते म्हातारे गिरणी कामगार आता हयात नाहीत. त्यांनी मला विचारलेला प्रश्न मी आपल्यापुढे ठेवून खाली बसतो. आपण बसलो आहोत ती जागा कसली, ठाऊक आहे का? एखाद्या गुरुवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, मुलांना घेऊन पायी खाम ओलांडा. पाणचक्कीपासून निघा, छावणीच्या वडाखाली थांबा, बाजार पाहा, आणि परतताना काळ्या चबुतऱ्यापाशी क्षणभर उभे राहा. मुले विचारतील. त्यांना उत्तर देता आले, की माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.